शब्द शेवटच्या रांगेपर्यंत

गेल्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काही कार्यकर्ते विहारासमोरचा मंडप आवरत होतो. आपल्या वसाहतीतील एक वयोवृद्ध आजी, ज्या गुडघ्यांच्या दुखण्यामुळे नेहमी शेवटच्या रांगेत दाराजवळ बसतात, त्या काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "गाणं बाबासाहेबांचं होतं हे ठेक्यावरून ओळखलं रे बाळा, पण शब्द एक कळला नाही. छातीत धडधड तेवढी झाली."

आम्ही हसून वेळ मारून नेली. पण ते वाक्य मनातून जाईना. आपली भीमगीते ही मुळात शब्दांची कला आहे. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादा कर्डकांपर्यंत (१९२२-२००४) ज्यांनी ही परंपरा उभी केली, त्यांच्यापाशी ढोलकी, तुणतुणे आणि गळा एवढेच भांडवल होते. तरीही ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार पोचला, कारण ऐकणाऱ्याला शब्द न् शब्द कळत होता. आज आपल्याकडे हजारो वॉटचे स्पीकर आहेत आणि शब्द मात्र हरवला आहे. मग आपण नक्की काय मोठे केले?

संस्थेने वर्गणीतून स्वतःचा ध्वनिवर्धक संच घेतला तेव्हा वाटले होते की आता प्रश्न सुटला. दोन टॉप, दोन बेस, त्यांना पुरेसे अ‍ॅम्प्लिफायर आणि एक डिजिटल प्रोसेसर. परंतु नवा संच जोडला आणि आवाज पूर्वीपेक्षाही कर्कश आला. चूक संचाची नव्हती. तो जुळवलेला नव्हता. ही जुळवणी कशी करतात, का करतात आणि त्यामागचा विचार काय, हे सभासदांना व विशेषतः विद्यार्थ्यांना समजावे म्हणून हा लेख. मी काही इंजिनिअर नव्हे. शाळेतले विज्ञान, पुस्तके, माहितगारांना विचारलेले प्रश्न आणि कित्येक रविवारची खटपट, एवढ्यावरच हे लिहीत आहे.

आवाज आणि त्याची लांबी

आवाज म्हणजे हवेची कंपने. एका सेकंदात किती कंपने झाली त्यावरून सूर ठरतो. या संख्येला वारंवारता म्हणतात व ती हर्ट्झमध्ये मोजतात. निरोगी तरुण माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते.

पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो, बाईमाणसांचा त्याच्या जवळपास दुप्पट. पण शब्द कळतो तो मूळ सुरावरून नव्हे, व्यंजनांवरून. 'स', 'श', 'त', 'ख' यांची ओळख पटवणारा भाग २,००० हर्ट्झच्या वर पसरलेला असतो आणि त्यात जोर फार थोडा असतो. बोलण्यातील ताकद खालच्या सुरांत असते आणि अर्थ मात्र वरच्या सुरांत. खालचा आवाज वाढवत गेलो की तो वरच्या नाजूक भागाला झाकून टाकतो. आजींना ठेका कळला आणि शब्द कळला नाही, याचे कारण हेच.

आता लांबीचा विचार करू. कोरड्या हवेत शून्य अंश तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे ३३१ मीटर जातो. तापमान एका अंशाने वाढले की वेग सुमारे ०.६ मीटरने वाढतो. म्हणजे एप्रिलमध्ये आपल्याकडे ३० अंश तापमान असताना तो जवळजवळ ३५० मीटर धरावा. या वेगाला वारंवारतेने भागले की लहरीची लांबी मिळते. ५० हर्ट्झची लहर ७ मीटर लांब असते, तर ५,००० हर्ट्झची अवघी ७ सेंटिमीटर.

७ मीटरची लहर उठवायला मोठा पडदा आणि भरपूर हवा हलवावी लागते. ७ सेंटिमीटरच्या लहरीसाठी हलका, झपाट्याने हलणारा पडदा लागतो. दोन्ही कामे एकाच स्पीकरला नीट जमत नाहीत. म्हणून चांगल्या संचात कामाची वाटणी असते. खालच्या सुरांसाठी १८ इंची बेस, मधल्या सुरांसाठी १२ इंची वूफर आणि वरच्या सुरांसाठी हॉर्न.

वाटणी करणारा: क्रॉसओव्हर

कोणता सूर कोणाकडे जाईल हे ठरवणाऱ्या मंडलाला क्रॉसओव्हर म्हणतात. जुन्या पद्धतीत तो स्पीकरच्या पेटीतच, अ‍ॅम्प्लिफायरच्या नंतर असतो. तांब्याच्या तारेची वेटोळी आणि कपॅसिटर यांनी तो बनतो. याला पॅसिव्ह म्हणतात. त्यात काही शक्ती उष्णतेत वाया जाते, आणि एकदा बनवल्यावर बदल करायचा तर सुटे भाग बदलावे लागतात.

दुसरी पद्धत अ‍ॅक्टिव्ह. यात वाटणी अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी, आवाज अजून क्षीण विद्युत संदेशाच्या रूपात असतानाच होते. मग प्रत्येक भागाला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर. बेसला एक, वूफरला एक, हॉर्नला एक. बेसचा अ‍ॅम्प्लिफायर ढोलाच्या ठोक्याने दमला तरी हॉर्नमधला शब्द फाटत नाही.

डिजिटल प्रोसेसर हीच वाटणी गणिताने करतो. मिक्सरमधून आलेला संदेश तो सेकंदाला बहुधा ४८,००० वेळा मोजतो, प्रत्येक मोजणीचा आकडा करतो, त्या आकड्यांवर गुणाकार-बेरजा करतो आणि निकाल पुन्हा विद्युत संदेशात बदलून तीन-चार वाटांनी बाहेर पाठवतो. सेकंदाला ४८,००० मोजण्या म्हणजे २४,००० हर्ट्झपर्यंतचे सूर पकडता येतात, कारण एका कंपनासाठी दोनाहून अधिक मोजण्या लागतात. कानाला एवढे पुरेसे आहे. बदल करायचा तर डाग द्यायची गरज नाही, नुसता आकडा बदलायचा.

माझ्या नोकरीतला दाखला द्यायचा तर हे खतावणीसारखे आहे. प्रत्येक रक्कम योग्य खात्यावर एकदाच पडली पाहिजे. दोन खात्यांवर पडली तरी ताळा चुकतो आणि कुठेच पडली नाही तरी चुकतो. क्रॉसओव्हर चुकला की काही सूर दोन स्पीकरमधून दुप्पट येतात आणि काही दोघांच्या मध्येच गडप होतात. आमच्या पहिल्या जोडणीत हेच झाले होते.

आधी सुरक्षितता

अ‍ॅक्टिव्ह पद्धतीत एक धोका आहे आणि तो आम्ही पैसे मोजून शिकलो. हॉर्न आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये काहीच अडसर नसतो. पहिल्याच दिवशी घाईत आमच्याच हातून प्रोसेसरची बेसची वायर हॉर्नच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गेली. ढोलकीचा पहिला ठोका वाजला आणि हॉर्नच्या युनिटचा डायफ्राम फाटला. वर्गणीतला पैसा असा एका ठोक्यात गेला.

तेव्हापासून आम्ही चार नियम पाळतो. एक, प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना रंगीत चिकटपट्टी आणि त्यावर 'बेस', 'मध्य', 'हॉर्न' असे मराठीत लिहिलेले. दोन, हॉर्नच्या मार्गात एक मोठा कपॅसिटर. आमचा हॉर्न ८ ओहमचा आहे, त्याला ४० मायक्रोफॅरड लावला की साधारण ५०० हर्ट्झच्या खालचे धक्के अडतात आणि कामाच्या सुरांना फारशी बाधा येत नाही. तीन, चालू करताना मिक्सर, मग प्रोसेसर आणि सर्वांत शेवटी अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना याच्या बरोबर उलट. चार, पहिली चाचणी हॉर्न न जोडता आणि अगदी बारीक आवाजात. हॉर्नच्या वाटेने नक्की काय येते ते आधी एखाद्या जुन्या निकामी स्पीकरवर ऐकून पाहावे.

जुळवणीचे टप्पे

पहिला टप्पा, छेद कुठे द्यायचा. आम्ही ९० हर्ट्झच्या खालचे सूर बेसला, ९० ते १,६०० वूफरला आणि त्यावरचे हॉर्नला दिले. हे आकडे सर्वांना लागू नाहीत. हॉर्नच्या युनिटच्या माहितीपत्रकात तो कमीत कमी किती हर्ट्झपासून वापरावा हे छापलेले असते, त्याच्या वरच राहायचे. दुसरीकडे, १२ इंची वूफर जसजसा वर जातो तसतसा त्याचा आवाज बॅटरीच्या झोतासारखा अरुंद होतो. समोरच्याला ऐकू येते आणि बाजूला बसलेल्याला नाही. या दोन मर्यादांच्या मधली जागा शोधायची. याशिवाय बेसला ३५ हर्ट्झच्या खालचे काहीच द्यायचे नाही. ते कानाला फारसे ऐकू येत नाही, नुसता पडदा ताणला जातो.

दुसरा टप्पा, उतार. छेद म्हणजे सुरीने कापल्यासारखा नसतो, तो उतार असतो. आम्ही २४ डेसिबेलचा उतार घेतला. म्हणजे १,६०० हर्ट्झच्या खाली जाताना वारंवारता निम्मी होईल तेवढ्या अंतरात हॉर्नचा आवाज सुमारे २४ डेसिबेलने पडतो. प्रोसेसरमध्ये उताराचे प्रकार दिलेले असतात. त्यांतला 'लिंकविट्झ-रायली' हा प्रकार १९७६ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीतील सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांच्या कामातून पुढे आला. त्याचे वैशिष्ट्य असे की छेदाच्या जागी दोन्ही स्पीकर बरोबर ६ डेसिबेल खाली असतात, म्हणजे दाब निम्मा. दोन निम्मे एकाच वेळी पोचले की पूर्ण एक होतो. ना खड्डा, ना उंचवटा. खतावणी जुळते ती अशी.

तिसरा टप्पा, समतोल. स्पीकर सारखी शक्ती दिली तरी सारखे वाजत नाहीत. समजा, एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर वूफर ९७ डेसिबेल देतो आणि हॉर्न १०८. अ‍ॅम्प्लिफायर सारखेच असतील तर हॉर्न ११ डेसिबेलने कमी करावा लागेल. १० डेसिबेल म्हणजे शक्तीची दहापट, हे लक्षात घेतले की फरक किती मोठा आहे ते कळते. आमचा संच कर्कश का वाजत होता याचे निम्मे उत्तर इथे सापडले. हॉर्न मोकाट सोडलेला होता.

चौथा टप्पा, वेळ. हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. टॉपच्या पेटीत हॉर्नचे युनिट मागे असते आणि वूफरचा पडदा पुढे. १,६०० हर्ट्झची लहर सुमारे २२ सेंटिमीटर लांब. दोघांच्या आवाजात ११ सेंटिमीटरचे अंतर पडले तर एकाची लहर वर चढत असताना दुसऱ्याची खाली उतरते आणि दोघे मिळून शांतता तयार करतात. नेमका तोच सूर नाहीसा होतो. उपाय असा की ज्याचा आवाज आधी पोचतो त्याला प्रोसेसरमध्ये थोडा उशीर द्यायचा. एका मिलिसेकंदात आवाज ३५ सेंटिमीटर जातो, म्हणून १७.५ सेंटिमीटरसाठी अर्धा मिलिसेकंद. टेपने मोजून हा पहिला अंदाज येतो.

अचूक आकडा काढण्याची युक्ती मोठी सुंदर आहे. मोजणीचा माईक टॉपसमोर तीन-चार मीटरवर उभा करावा आणि संगणकावर 'रूम ईक्यू विझार्ड'सारखे विनामूल्य सॉफ्टवेअर घ्यावे. मग हॉर्नची दिशा प्रोसेसरमधून मुद्दाम उलटी करावी. आता दोघांची वेळ बरोबर जुळली तर छेदाच्या जागी आलेखात खोल खड्डा दिसला पाहिजे, कारण दोघे एकमेकांना पूर्ण खोडतात. उशिराचा आकडा थोडा थोडा बदलत खड्डा सर्वांत खोल कुठे होतो ते पाहायचे, तो आकडा कायम करायचा आणि दिशा पुन्हा सुलटी करायची. जिथे खोडणे पूर्ण होते तिथेच सुलट केल्यावर बेरीजही पूर्ण होते. बेस आणि वूफर यांच्यासाठी हीच रीत. तिथे लहर ३.९ मीटरची असल्याने चार-पाच सेंटिमीटरने बिघडत नाही. पण बेस मंचाच्या पुढे आणि टॉप दोन मीटर मागे असे ठेवले तर मात्र नक्कीच बिघडते.

पाचवा टप्पा, सूर सारखे करणे, म्हणजे इक्वलायझर. पावसाच्या संततधारेसारखा वाटणारा 'पिंक नॉइज' वाजवून आलेख पाहतात. इथे मोह आवरावा लागतो. जिथे उंचवटा आहे तिथे कमी करावे, खड्डा दिसला म्हणून भरू नये. माईक शिट्टी मारतो ती नेमकी कोणत्या वारंवारतेला हे शोधून तेवढाच अरुंद भाग दोन-चार डेसिबेलने खाली घ्यावा. आणि हेही सांगितले पाहिजे की विहारातील घुमणारा आवाज इक्वलायझरने जात नाही. उघड्या भिंती आणि फरशी आवाज परत फेकतात. त्यावर जाड पडदे, सतरंज्या आणि टॉपचे तोंड छताकडे न ठेवता माणसांकडे वळवणे हेच उपाय. माणसे स्वतःच आवाज शोषतात, म्हणून रिकाम्या विहारात केलेली जुळवणी भरल्या विहारात पुन्हा ऐकून पाहावी लागते.

सहावा टप्पा, मर्यादा. प्रोसेसरमध्ये लिमिटर असतो. उत्साहाच्या भरात कोणी मिक्सरची बटणे वर ढकलली तरी स्पीकर जळू न देणारा हा पहारेकरी. विद्यार्थ्यांसाठी त्याचे गणित देतो. हॉर्न ८ ओहमचा, झेपणारी शक्ती ५० वॉट. ५० गुणिले ८ म्हणजे ४००, त्याचे वर्गमूळ २०. म्हणजे हॉर्नला २० व्होल्टपेक्षा जास्त जाऊ नये. अ‍ॅम्प्लिफायर संदेश ४० पट करतो. २० भागिले ४० म्हणजे अर्धा व्होल्ट. प्रोसेसरमधून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त बाहेर पडता कामा नये. उपकरणावरच्या 'डीबीयू' या मापात हा आकडा उणे ३.८ होतो. आम्ही त्याहून ३ डेसिबेल खाली ठेवला आहे. लक्षात ठेवा, हे गणित अ‍ॅम्प्लिफायरची बटणे ज्या जागी आहेत त्या जागेपुरते खरे. म्हणून त्या बटणांवर आम्ही खुणेच्या रेघा मारल्या आहेत आणि ती हलवायची नाहीत असे ठरवले आहे.

कानाची परीक्षा

आकडे जुळले तरी शेवटचा न्याय कानाचाच. आम्ही एक साधी परीक्षा घेतली. पाट-पाठ, दार-धार, साल-शाल, बार-भार अशा एकमेकांना जवळच्या शब्दांची यादी केली. एका मुलीने मंचावरून त्यातले शब्द सरमिसळ करून वाचले आणि शेवटच्या रांगेतल्या पाच जणांनी ऐकू आले तसे कागदावर लिहिले. जुळवणीपूर्वी अर्ध्याहून अधिक शब्द चुकले होते. जुळवणीनंतर एखाददुसरा चुकला, आणि हे पूर्वीपेक्षा कमी आवाजात.

या परीक्षेने आणखी एक वाद मिटवला. तरुण मुलांना बेस हवा होता, वडीलधाऱ्यांना तो नको होता. बैठकीत आवाज चढले होते. प्रोसेसरमध्ये जुळवणी साठवून ठेवता येते, म्हणून आम्ही दोन जुळवण्या साठवल्या. एकीचे नाव 'वाणी', दुसरीचे 'गाणी'. 'वाणी'त बेस पूर्ण बंद आणि १२० हर्ट्झच्या खालचे सर्व कापलेले. वर्षावासात ग्रंथवाचन होते, भन्तेजींचे प्रवचन होते, वंदना होते, तेव्हा हीच. 'गाणी'त बेस आहे, पण शब्दाच्या डोक्यावर बसणार नाही इतपत. मुलांनी स्वतः शेवटच्या रांगेत बसून दोन्ही ऐकल्या. त्यांतलाच एक म्हणाला, "काका, गाण्याचा अर्थ आज पहिल्यांदा लागला." त्यानंतर वाद उरला नाही.

उघड्या मैदानात

विहारात भिंती असतात, मैदानात नसतात. तिथे अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबेलने पडतो. टॉपपासून एक मीटरवर ९५ डेसिबेल असेल तर २ मीटरवर ८९, ४ वर ८३, ८ वर ७७, १६ वर ७१ आणि ३२ मीटरवर ६५. मागच्यांना ऐकू यावे म्हणून पुढचा आवाज वाढवत गेले की पहिल्या रांगेतील लहान मुलांच्या कानांवर अत्याचार होतो आणि मागच्यांना तरीही पुरत नाही.

याला उपाय म्हणजे जास्त आवाज नव्हे, जास्त जागा. मंडपाच्या मध्यावर दोन लहान स्पीकर ठेवावेत. पण ते तसेच लावले तर तारेतून संदेश क्षणात पोचतो आणि मंचावरचा आवाज मागून रखडत येतो, प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. म्हणून त्यांना उशीर द्यावा. मंचापासून १२ मीटर अंतर असेल तर १२ भागिले ३५०, म्हणजे सुमारे ३४ मिलिसेकंद. त्यात आणखी दहा मिळवून ४४ करावेत. आधी पोचणाऱ्या आवाजाच्या दिशेलाच कान वक्ता शोधतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली यावर सविस्तर प्रयोग मांडले. त्यामुळे आवाज जवळच्या स्पीकरमधून येत असला तरी वक्ता मंचावरूनच बोलतो आहे असे वाटते.

कायदा आणि शेजारधर्म

ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. त्यांनुसार ध्वनिवर्धकासाठी लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर तो वाजवता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबेल, रात्रीची ४५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिवर्धकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबेलने अधिक किंवा ७५ डेसिबेल, यांतील जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. आपल्या निवासी वसाहतीत दिवसा हे ६५ होते. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हे निर्बंध अधिक कडकपणे पाळण्यास सांगितले.

वरचा हिशेब पुन्हा पाहा. एक मीटरवर ९५ डेसिबेल असलेला टॉप ३२ मीटरवर बरोबर ६५ वर येतो. म्हणजे नीट जुळवलेला छोटा संच कायदा पाळूनही अख्खे मैदान ऐकवू शकतो.

पण कायद्याच्या पलीकडेही एक गोष्ट आहे. ही मर्यादा ज्या 'ए' मापात मोजतात ते माणसाच्या कानासारखे खालच्या सुरांना कमी लेखते. ५० हर्ट्झचा आवाज त्या मापात ३० डेसिबेलने कमी दिसतो. म्हणजे यंत्र समाधानकारक आकडा दाखवत असेल आणि तरीही शेजारच्या घराच्या खिडक्या थरथरत असतील. नवी मुंबईच्या जुन्या सिडको वसाहतींत घराला घर लागून आहे. भिंतीपलीकडे कोणी आजारी असेल, कोणी परीक्षेचा अभ्यास करत असेल. जयंती एप्रिलमध्ये येते आणि त्याच सुमारास आपलीच मुले परीक्षांना बसलेली असतात. ज्या महामानवाने शिकण्याला पहिले स्थान दिले, त्याच्या जयंतीच्या आवाजाने एखाद्या मुलाचे पुस्तक मिटावे, हे बरे नव्हे. म्हणून रात्री ९ नंतर आम्ही यंत्राकडे न पाहता 'वाणी' जुळवणीवर येतो.

वीणेची तार

हे काम करताना सोण कोळिविसाची कथा वारंवार आठवली. राजगृहाजवळ शीतवनात तो इतक्या कठोरपणे साधना करत होता की चालून चालून त्याचे पाय रक्तबंबाळ झाले, आणि फळ मिळेना म्हणून तो निराश झाला. गृहस्थाश्रमात तो उत्तम वीणावादक होता. तथागतांनी त्याला त्याच्याच वीणेबद्दल विचारले. तार फार ताणली तर सूर लागतो का? फार ढिली सोडली तर लागतो का? सोणाला उत्तर आपल्या बोटांतून ठाऊक होते. सूर लागतो तो मध्ये कुठेतरी, आणि ती जागा कान देऊन शोधावी लागते.

आपल्या संचाचेही तेच आहे. मोठा अ‍ॅम्प्लिफायर विकत मिळतो, ती मधली जागा मात्र शोधावीच लागते. टेप, माईक, गणित आणि शेवटच्या रांगेत बसून ऐकण्याची तयारी एवढेच त्याला लागते. हे काम कोणत्याही विद्यार्थ्याला, मुलाला वा मुलीला, शिकता येईल. आमच्या जुळवणीचे सर्व आकडे एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवले आहेत आणि ती वही विहाराच्या कपाटात आहे. कोणीही पाहावी, प्रश्न विचारावेत, आमच्या चुका दाखवाव्यात. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी संच जोडून दाखवायचे आम्ही ठरवले आहे. नुसते बटण फिरवणारे नकोत, का फिरवायचे ते जाणणारे चार-पाच जण तयार झाले तरी संस्थेचा पैसा वसूल झाला असे मी समजेन.

बुद्धपौर्णिमेला त्याच आजी शेवटच्या रांगेत दाराजवळ बसल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो आणि विचारले, "आजी, ऐकू आलं का?" त्यांनी उत्तर दिले नाही. प्रवचनातली एक गोष्ट मलाच पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली आणि म्हणाल्या, "तू तिकडं वायरीत होतास ना, तुझं ऐकायचं राहिलं असेल."

जयभीम. नमो बुद्धाय.